हातबांधणीचे ग्रंथ : कसब, किंमत आणि कसोटी

'ग्रंथ' हा शब्द आपण दिवसातून अनेकदा उच्चारतो. परंतु त्याच्या धात्वर्थाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ग्रथन म्हणजे गुंफणे, ओवणे, गाठ मारणे. 'ग्रंथि' म्हणजे गाठ. 'प्रबंध' आणि 'निबंध' ह्या दोन्ही शब्दांत 'बंध' आहेच. म्हणजे ज्या वाङ्मयप्रकारांवर आपला विद्यापीठीय व्यवहार उभा आहे, त्यांची नावेच मुळी बांधण्याच्या क्रियेवरून आलेली आहेत. असे असूनही आपल्या समीक्षेत ग्रंथाच्या बांधणीचा विचार जवळजवळ नाहीच. 'रचनेची बांधणी' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात कथानक असते. दोरा, खळ आणि पुठ्ठा नसतो. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) ह्या ग्रंथानंतर साहित्याच्या माध्यमाचा प्रश्न मराठीत पुष्कळ चर्चिला गेला. पण ज्या वस्तूतून ते माध्यम वाचकाच्या हाती पडते ती वस्तू ह्या चर्चेच्या कक्षेबाहेरच राहिली.

प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून थोडा मर्यादित आहे. हाताने शिवलेले व बांधलेले ग्रंथ तयार करून विकणे हा एक लहान उद्योग आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला कलेची प्रतिष्ठा मिळाली. आपल्याकडे तो गेल्या काही दशकांत नव्याने दिसू लागला आहे. ह्या उद्योगाभोवती प्रशंसेची एक भाषा तयार झाली आहे. हातचे ते जिवंत, यंत्राचे ते निर्जीव. हातचे ते आत्मीय, यंत्राचे ते परके, अशी ही भाषा आहे. ती तपासून घेणे हे समीक्षेचे काम आहे. 'हाताने केलेले' हे वर्णन आहे. त्याचे मूल्यात रूपांतर केव्हा होते, हा येथील मुख्य प्रश्न होय.

प्रथम कसबाचे स्वरूप पाहिले पाहिजे. छापलेला मोठा ताव दुमडून सोळा किंवा आठ पृष्ठांची घडी होते. छापखान्यात तिला फर्मा म्हणतात. अशा घड्या क्रमाने लावून प्रत्येक घडीच्या मधल्या दुमडीतून दोरा नेला आणि तो पाठीवरच्या फितीला किंवा दोरखंडाला अडकवला, म्हणजे खरी शिवण होते. अशी शिवण असलेले पुस्तक टेबलावर सपाट उघडते, कारण प्रत्येक पान आपल्या दुमडीपर्यंत मोकळे असते. ह्याउलट घड्यांचा गठ्ठा एकत्र दाबून कडेने आरपार टोचून शिवला, तर पुस्तक घट्ट होते, पण उघडत नाही. तिसरा प्रकार म्हणजे दुमडी कापून टाकून सुट्या पानांच्या कडेला नुसता गोंद लावणे. ह्यात दोरा नाहीच. गोंद वाळून ठिसूळ झाला की पाने सुटतात.

पुठ्ठा जोडण्याच्याही दोन रीती आहेत. एकीत शिवणीच्या दोऱ्या पुठ्ठ्यातून ओवून पुठ्ठा आणि पाने एकजीव केली जातात. दुसरीत पुठ्ठ्याचे कवच वेगळे तयार करून अस्तराच्या कागदाने ते पानांना चिकटविले जाते. पहिली रीत वेळखाऊ व टिकाऊ. दुसरी जलद व बहुतेक कामांना पुरेशी. शिवाय कागदाला धागा असतो, म्हणजे त्यातील तंतू एका दिशेने पडलेले असतात. हा धागा पाठीला समांतर ठेवला नाही, तर खळीच्या ओलाव्याने पुठ्ठा वाकतो व पान ताठरते. खळ पिठाची असेल तर ती पुढे पाण्याने सोडविता येते. आजचा पांढरा कृत्रिम गोंद सहसा तसा सुटत नाही. हे तपशील येथे मुद्दाम दिले आहेत. सुंदर कापड आणि सोनेरी अक्षरे ह्यांच्या आत काय आहे हे ज्याला पाहता येत नाही, त्याला हातबांधणीच्या ग्रंथाविषयी मत देता येणार नाही; फार तर आवड सांगता येईल.

कॉलिंगवुड ह्यांनी 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) ह्या ग्रंथात कला आणि कसब ह्यांत केलेला भेद आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. कसबात साध्य आधी ठरलेले असते, साधने त्यानुसार योजली जातात, आणि कच्चा माल व तयार वस्तू ह्यांत स्पष्ट भेद करता येतो. ह्या कसोटीने ग्रंथबांधणी हे निखळ कसब आहे. हे विधान उणेपणाचे समजण्याचे कारण नाही. कसबाचे साध्य ठरलेले असते म्हणूनच त्याचा न्याय करणे कलेच्या न्यायापेक्षा सोपे असते. बांधणीचे साध्य एकच : पाने क्रमाने, सुरक्षित आणि वाचता येतील अशी एकत्र राहणे. ज्या बांधणीने हे साधत नाही, ती कितीही देखणी असली तरी अयशस्वीच होय.

आता इतिहासातील एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. टी. जे. कॉब्डन-सँडरसन (१८४०–१९२२) हे लंडनमधील बॅरिस्टर. वकिलीत त्यांचे मन रमत नव्हते. १८८३ मध्ये एका भोजनप्रसंगी विल्यम मॉरिस ह्यांच्या पत्नी जेन ह्यांनी त्यांना ग्रंथबांधणी शिकण्याचे सुचविले. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते रॉजर दि कव्हर्ली ह्या व्यावसायिक बांधणीकाराकडे उमेदवारी करू लागले आणि १८८४ मध्ये त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. आरंभीच्या काळात घड्या शिवण्याचे काम त्यांच्या पत्नी अ‍ॅनी करीत. १८९३ मध्ये हॅमरस्मिथ येथे 'डव्ह्ज बाइंडरी' सुरू झाली. तेव्हापासून कॉब्डन-सँडरसन आराखडे करीत आणि शिवण, पुठ्ठाजोडणी व सोनेरी नक्षी ही कामे कुशल कामगार करीत. १९०० मध्ये एमरी वॉकर ह्यांच्या भागीदारीत 'डव्ह्ज प्रेस' निघाला; १९०३ ते १९०५ ह्या काळात त्याने पाच खंडांचे बायबल छापले. प्रती होत्या पाचशे. बाइंडरीतून बाहेर पडलेली कामे आजही ह्या कसबातील आदर्श मानली जातात. ह्या गौरवात अतिशयोक्ती नाही.

तथापि ह्या उद्योगाची घडण तपासली तर काही प्रश्न उभे राहतात. त्याला भांडवल अ‍ॅनी ह्यांच्या पैशांतून मिळाले. अ‍ॅनी ह्या राजकारणी रिचर्ड कॉब्डन ह्यांच्या कन्या होत्या. श्रमाचे मोल ह्या विषयावर कॉब्डन-सँडरसन ह्यांनी उदात्त विचार मांडले. पण ग्रंथावर मुद्रा उमटे ती बाइंडरीची, शिवणाऱ्या स्त्रीची किंवा नक्षी करणाऱ्या कामगाराची नव्हे. पुढे भागीदारी मोडली. कॉब्डन-सँडरसन ह्यांच्या मृत्यूनंतर प्रेसचे टाइप वॉकर ह्यांना मिळावयाचे, असा करार झाला होता. ते यंत्रावर चालविले जातील ही कल्पना सहन न होऊन कॉब्डन-सँडरसन ह्यांनी १९१६–१७ मध्ये रात्रीच्या वेळी खेपा घालून ते सारे टाइप हॅमरस्मिथच्या पुलावरून थेम्स नदीत टाकले. २०१४ मध्ये पाणबुड्यांनी त्यांतील सुमारे दीडशे खिळे वर काढले. ही कथा नेहमी एका वेड्या सौंदर्यनिष्ठेची म्हणून सांगितली जाते. ती एका करारभंगाचीही कथा आहे. आणि त्याचा आर्थिक भार शेवटी अ‍ॅनी ह्यांच्यावर पडला, कारण पतीच्या निधनानंतर वॉकर ह्यांना भरपाई त्यांनाच द्यावी लागली. वस्तूच्या शुद्धतेसाठी माणसाला दिलेला शब्द मोडावा की नाही, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या बाहेरचा आहे असे मला वाटत नाही.

मॉरिस ह्यांच्या केल्मस्कॉट प्रेसविषयीही (स्थापना १८९१) असाच विचार संभवतो. १८९६ मधील त्यांच्या प्रसिद्ध चॉसरच्या ४२५ कागदी प्रती निघाल्या आणि त्यांची किंमत वीस पौंड होती. जो ग्रंथकर्ता समाजवादाचा पुरस्कर्ता, त्याचेच ग्रंथ केवळ श्रीमंतांना परवडावेत, ह्या विसंगतीची चर्चा त्या काळापासून चालत आली आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन ह्यांनी 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास' (१८९९) ह्या ग्रंथात केल्मस्कॉटचा नाव घेऊन परामर्श घेतला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : यंत्राने केलेली वस्तू अधिक नेटकी आणि उपयुक्त असताना हातच्या वस्तूतील खडबडीतपणाला जो मान मिळतो, तो त्या वस्तूच्या महागपणाचा मान आहे, दोष हे येथे खर्चाचे चिन्ह बनतात.

ह्या आक्षेपाला रस्किन ह्यांच्या बाजूने उत्तर देता येते. 'द नेचर ऑफ गॉथिक' ह्या १८५३ मधील प्रकरणात त्यांनी असे प्रतिपादिले की, कामातील अपूर्णता ही कारागीर स्वतंत्र असल्याची खूण असते. मॉरिस ह्यांनी हे प्रकरण १८९२ मध्ये स्वतंत्र ग्रंथरूपाने छापले ते ह्याच श्रद्धेने. पण रस्किन ह्यांचे उत्तर बांधणीला पूर्णपणे लागू पडत नाही. मंदिराच्या खांबावरील कोरीवकामात पाथरवटाला आपल्या मनाप्रमाणे पान किंवा पक्षी कोरता येतो. शिवणीत असे स्वातंत्र्य नसते. तेथे टाका चुकला तर तो स्वातंत्र्याची खूण ठरत नाही. तेथे घडी सैल पडते. तेव्हा बांधणीपुरता व्हेब्लेन ह्यांचा आक्षेप निम्मा खरा मानला पाहिजे. जेथे हातकाम केवळ दिसण्यासाठी असते, म्हणजे मुद्दाम फाटक्या ठेवलेल्या कडा, न उघडणाऱ्या पाठीवर बाहेरून घातलेले शोभेचे टाके, तेथे तो पूर्णपणे खरा आहे. जेथे हातकामाने ग्रंथ अधिक चांगला उघडतो, अधिक काळ टिकतो आणि पुन्हा दुरुस्त करता येतो, तेथे तो मुळीच लागू होत नाही.

हा भेद सर्वांत स्पष्टपणे जाणला तो डव्ह्जमध्येच उमेदवारी केलेल्या डग्लस कॉकरेल ह्यांनी. त्यांचा 'बुकबाइंडिंग, अँड द केअर ऑफ बुक्स' हा ग्रंथ १९०१ मध्ये निघाला. त्याच सुमारास लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सची एक समिती बांधणीच्या कातड्यांच्या ऱ्हासाची चौकशी करीत होती. कातडे रंगविताना वापरलेल्या गंधकाम्लामुळे ते काही दशकांतच लाल भुकटी होऊन झडते, हे त्या चौकशीतून पुढे आले. कॉकरेल ह्यांनी मौल्यवान ग्रंथांपासून साध्या ग्रंथालयीन प्रतींपर्यंत निरनिराळ्या दर्जांच्या बांधणीचे तपशील आखून दिले. पुढे १९३५ मध्ये 'कोडेक्स सिनाइटिकस' ह्या प्राचीन हस्तलिखिताची बांधणी त्यांच्याकडे सोपविण्यात आली. कॉब्डन-सँडरसन ह्यांचे नाव मोठे झाले. पण कसबाची परंपरा पुढे चालली ती कॉकरेल ह्यांच्या मार्गाने, कारण ह्या मार्गावर सामान्य ग्रंथालयाचे पुस्तकही बांधणीकाराच्या विचारास पात्र होते.

ह्या परंपरेचा एक धागा भारतीय विचाराशी जुळलेला आहे. केल्मस्कॉटची छापयंत्रे सी. आर. अ‍ॅशबी ह्यांच्या एसेक्स हाउस प्रेसकडे गेली आणि मॉरिस ह्यांनी वापरलेल्या यंत्रावर आनंद कुमारस्वामी ह्यांनी आपला 'मेडिएव्हल सिंहलीज आर्ट' (१९०८) हा ग्रंथ ४२५ प्रतींत छापविला. १९०९ मध्ये आलेल्या 'द इंडियन क्राफ्ट्समन' ह्या त्यांच्या ग्रंथाला अ‍ॅशबी ह्यांची प्रस्तावना आहे. म्हणजे भारतीय कारागिराच्या गौरवाची आपली आधुनिक भाषा काही अंशी हॅमरस्मिथहून आलेली आहे. अ‍ॅशबी ह्यांचा गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट १९०२ मध्ये लंडन सोडून चिपिंग कॅम्पडन ह्या गावी गेला आणि पाच-सहा वर्षांतच दिवाळखोरीत निघाला, हेही त्या भाषेसोबत लक्षात ठेवणे इष्ट होय.

दुसरे उदाहरण अगदी वेगळ्या प्रकृतीचे आहे. लेनर्ड आणि व्हर्जिनिया वुल्फ ह्यांनी १९१७ मध्ये एक लहान हातयंत्र विकत घेऊन रिचमंड येथील घरी हॉगार्थ प्रेस सुरू केला. त्यांचे पहिले प्रकाशन 'टू स्टोरीज' हे दीडशे प्रतींचे. खिळे जुळविण्याचे व पाने शिवण्याचे बरेचसे काम व्हर्जिनिया स्वतः करीत. ही बांधणी डव्ह्जच्या तुलनेत नवशिकी आहे. कागदी वेष्टन आणि साधी शिवण. पण तिच्यामागचे प्रयोजन निराळे होते. कोणाही प्रकाशकाच्या संमतीविना आपणांस हवे ते लिहिता व छापता यावे, हा तो हेतू होता. १९१९ मध्ये 'क्यू गार्डन्स' ह्या पुस्तिकेवर 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये अनुकूल अभिप्राय आला आणि मागण्यांचा ढीग पडला. तेव्हा वुल्फ दांपत्याने हातकामाचा आग्रह न धरता दुसरी आवृत्ती बाहेरच्या मुद्रकाकडून करून घेतली. एलियट ह्यांचे 'द वेस्ट लँड' (१९२३) मात्र त्यांनी पुन्हा हातानेच जुळविले. हात की यंत्र हा त्यांच्यापुढे तत्त्वाचा प्रश्न नव्हता. वाङ्मयाची गरज काय, हा होता. त्यांच्या हातबांधणीच्या प्रती आज संग्राहकांच्या बाजारात महाग विकल्या जातात, त्या शिवणीमुळे नव्हे. येथे किंमत आणि कसब ह्यांचा संबंध पूर्णपणे तुटलेला दिसतो.

भारतातील ठळक उदाहरण म्हणजे कलकत्त्याचे 'रायटर्स वर्कशॉप'. पी. लाल (१९२९–२०१०) ह्यांनी काही सहकाऱ्यांसह १९५८ मध्ये ते स्थापन केले. भारतीयांच्या इंग्रजी लेखनाला, विशेषतः कवितेला, प्रकाशक नसण्याचा तो काळ. निस्सीम इझिकेल ह्यांचा 'द अनफिनिश्ड मॅन' (१९६०) येथूनच निघाला; विक्रम सेठ ह्यांचा 'मॅपिंग्ज' हा पहिला संग्रहही येथलाच. ग्रंथांची बाह्य ओळख म्हणजे हातमागाच्या साडीच्या कापडाची बांधणी आणि लाल ह्यांच्या हस्ताक्षरातील शीर्षक. एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींवरही कापडाचा भाग भिन्न असू शकतो. शिवणे, चिकटविणे, बांधणे हे सारे हाताने होई. आणि हे काम तुलामिया मोहिउद्दिन ह्यांचे आहे, असा स्पष्ट उल्लेख ग्रंथातच छापलेला असे.

ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व मला फार वाटते. डव्ह्जच्या ग्रंथावर कामगाराचे नाव नाही. कलकत्त्याच्या पन्नास पृष्ठांच्या कवितासंग्रहात ते आहे. कवी बदलत गेले, बांधणीकाराचे नाव तेच राहिले. भारतीय इंग्रजी कवितेच्या इतिहासात ज्या एका नावाचा उल्लेख शेकडो संग्रहांत सापडेल, ते कोणा कवीचे नाही. इतिहासकारांनी अद्याप ह्याची पुरेशी दखल घेतलेली नाही.

परंतु समीक्षकाने येथे थांबता कामा नये. रायटर्स वर्कशॉपच्या व्यवहारात लेखकाने आपल्या ग्रंथाच्या शंभर प्रती आगाऊ विकत घ्याव्यात अशी अट असे. ह्या अटीवर 'हौशी लेखकांचे छापखाने' असा आरोप झाला आणि लाल ह्यांनी त्याला वेळोवेळी उत्तरही दिले. अनुदानावाचून, जाहिरातीवाचून तीन हजारांहून अधिक शीर्षके काढणारा उद्योग अन्य कोणत्या मार्गाने चालला असता, हा त्यांच्या बाजूचा प्रश्न दुर्लक्षणीय नाही. तरीही त्या व्यवस्थेचा बांधणीवर होणारा परिणाम पाहिला पाहिजे. जेथे पहिला ग्राहक स्वतः लेखक असतो, तेथे ग्रंथ भेट देण्याजोगा दिसावा ही गरज प्रबळ होते. तो अनोळखी वाचकाच्या हाती वारंवार उघडला जावा ही गरज मागे पडते. साडीच्या काठाने सजलेली ती बांधणी सर्व लेखकांना सारखाच मान देते. हा तिचा गुण खरा. आणि तीच बांधणी चांगल्या व सामान्य कवितेतील भेदही झाकून टाकते, हा तिचा दोषही तितकाच खरा. १९७६ मध्ये मुंबईत 'क्लिअरिंग हाउस' ही कवींची सहकारी प्रकाशनसंस्था निघाली, तेव्हा अरुण कोलटकरांनी केलेली तिच्या पुस्तकांची मांडणी हातबांधणीची नव्हती. पण त्या पुस्तकांच्या देहाचा विचार कमी झाला होता असे कोणी म्हणणार नाही. ग्रंथाविषयीची आस्था केवळ हातातच असते, हा समज ह्यामुळे दूर व्हावा.

चेन्नईच्या 'तारा बुक्स'ची (स्थापना १९९४) वाट ह्याहून निराळी आहे. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती ह्या गोंड चित्रकारांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' (२००६) हे पुस्तक काळ्या हातकागदावर जाळीछपाईने छापून हाताने शिवले जाते. काळ्या कागदावर उजळ रंगांचे दाट थर बसविण्यासाठी ही छपाई सयुक्तिक ठरते. येथे हातकाम हे विषयाच्या गरजेतून आले आहे. ते बाहेरून चढविलेले नाही. अशा पुस्तकाला देशोदेशींचे वाचक मिळाले आणि त्यावर कारागिरांच्या एका समूहाचा निर्वाह होऊ शकला, ह्याचे कारण ह्या सयुक्तिकतेत आहे असे मला वाटते.

आता किंमतीकडे वळू. हातबांधणीचा ग्रंथ महाग का, ह्याचे उत्तर साध्या हिशेबाने देता येईल. समजा, एका बांधणीकाराला कापडी बांधणीच्या एका ग्रंथाला दोन तास लागतात. महिन्याचे दोनशे तास धरले आणि त्यांतील चौथा हिस्सा खरेदी, हिशेब व गिऱ्हाइकांशी बोलणे ह्यांत गेला, तर दीडशे तास उरतात; म्हणजे पंच्याहत्तर ग्रंथ. त्याला महिना तीस हजार रुपये सुटावयाचे असतील, तर प्रत्येक ग्रंथामागे चारशे रुपये केवळ मजुरीचे झाले. कागद, पुठ्ठा, कापड, दोरा ह्यांचे दीडशे धरले, की साडेपाचशे. दुकानदाराने विक्रीच्या किंमतीतील चाळीस टक्के ठेवून घेतले, तर ती वही नऊशे रुपयांहून कमी किंमतीत विकता येणार नाही. ह्यात जागेचे भाडे नाही, आजारपण नाही, बिघडलेल्या प्रती नाहीत. आकडे कल्पित आहेत. पण त्यांचा परस्परसंबंध कल्पित नाही. यंत्राच्या कामात प्रती वाढल्या की प्रत्येकीचा खर्च घटतो. हाताच्या कामात तो फारसा घटत नाही, कारण खळ वाळावयास लागणारा वेळ आणि बोटांचा वेग ह्यांना मर्यादा आहे.

ह्या हिशेबातून सुटण्यासाठी लहान उद्योग तीनपैकी एक मार्ग धरतो. पहिला, वस्तूभोवती कथा उभी करून श्रीमंत ग्राहक शोधणे. दुसरा, आपल्या श्रमाची किंमत न लावणे, म्हणजे आवड म्हणून काम करणे आणि निर्वाह अन्यत्र शोधणे. तिसरा, विशेष ग्रंथांबरोबरच दुरुस्ती, वह्या, ग्रंथालयीन बांधणी अशी नित्याची कामे घेणे. पहिल्या मार्गावर व्हेब्लेन उभे आहेत. दुसऱ्या मार्गाचा दोष असा की, हौशी माणूस कमी किंमतीला वस्तू विकतो आणि ज्याचे पोट त्यावर आहे त्याचा बाजार बिघडवितो. टिकाऊ असा मार्ग तिसराच दिसतो. आणि तो आपल्याकडे नवीन नाही.

आपल्याकडील व्यापाऱ्याची लाल खारव्याच्या कापडात बांधलेली, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेली वही हे हातबांधणीच्या ग्रंथाचे आपले सर्वांत प्रचलित रूप होते. दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन होई आणि त्या हंगामावर वह्या शिवणाऱ्यांचे वर्ष निभे. कोणी तिला 'हस्तनिर्मित' म्हणत नसे. ती उभी घडी घालून मांडीवर सपाट उघडत असे आणि हिशेबाचे पान त्यातून सहजासहजी काढता येत नसे. ह्या दोन गुणांसाठीच ती विकली जाई. हिशेब संगणकावर गेले आणि तिची गरज सरली. पोथीचा प्रकार निराळा : तिची पाने सुटी, वर-खाली फळ्या, भोवती बासन, तेथे शिवणाऱ्याचे काम नव्हते. पण रामदासी मठांतून मिळालेली, धुळ्याच्या संग्रहात जतन केलेली बाडे ही शिवलेली आहेत. एका बाडात कोणती प्रकरणे कोणत्या क्रमाने एकत्र शिवली गेली, ह्यावरून त्या काळच्या वाचनाविषयी अनुमाने करता येतात. शिवण हा येथे वाङ्मयेतिहासाचा पुरावा आहे.

आणि हाच पुरावा आपण आपल्या हातांनी नष्ट करीत आलो आहोत. जुन्या मराठी नियतकालिकांचे अंक ग्रंथालयात वर्षवार बांधले जातात, तेव्हा त्यांची वेष्टने, जाहिराती, वर्गणीच्या सूचना पुष्कळदा काढून टाकलेल्या आढळतात. अंक नेमका केव्हा निघाला, किंमत काय होती, त्यात कोणत्या पुस्तकांची जाहिरात होती, हे सारे त्या काढलेल्या कागदांवर होते. उरलेला गठ्ठा कडेने टोचून शिवला जातो आणि आतला समास शिवणीत गडप होतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका खंडातील एक कविता उतरून घेताना प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर मला अंदाजाने भरावे लागले. पुस्तक अधिक उघडावे तर पान तुटत होते. हा दोष त्या बाइंडरचा नव्हता. त्याला प्रतिपुस्तक जो दर दिला गेला, त्यात कडेची शिवणच बसत होती. दर ठरविणाऱ्याने शिवणीचा प्रकार ठरविला नव्हता, कारण शिवणीला प्रकार असतात हे त्याला ठाऊक नव्हते. आणि त्याला ते कोणी सांगितले नव्हते, कारण ज्यांनी सांगावयाचे ते आपण ग्रंथांविषयी बोलताना बांधणीविषयी बोलत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आता ग्रंथांची छायाप्रत संगणकावर मिळते; मग दोऱ्याची चिंता कशाला? परंतु छायाप्रत काढण्यासाठी पुस्तक सपाट उघडावे लागते. जे उघडत नाही त्याची पाठ कापली जाते किंवा त्याचा समास छायाप्रतीतही गहाळ राहतो. तेव्हा बांधणीचा दोष नव्या माध्यमातही उतरतो.

ह्या विवेचनावरून हातबांधणीच्या ग्रंथाच्या तीन कसोट्या मांडाव्याशा वाटतात. पहिली, तो पूर्ण उघडतो काय? दुसरी, पुढील पिढीतील बांधणीकाराला पाने न फाडता तो सोडवून पुन्हा बांधता येईल काय? तिसरी, त्याच्या किंमतीत शिवणाऱ्याच्या वेळेचे मोल प्रामाणिकपणे धरलेले आहे काय, आणि त्याचे नाव सांगावयास विक्रेता तयार आहे काय? पहिल्या दोन कसोट्या कसबाच्या आहेत, तिसरी व्यवहाराची. डव्ह्जचे ग्रंथ पहिल्या दोहोंत उत्तीर्ण होतात, तिसरीत अपुरे पडतात. रायटर्स वर्कशॉपने नाव सांगण्याची अर्धी कसोटी इतरांपेक्षा चांगली निभावली. व्यापाऱ्याच्या वहीने पहिली कसोटी कोणत्याही सिद्धांतावाचून पार केली होती. सुंदर कापड, जुन्या वळणाची अक्षरे, मर्यादित प्रती, क्रमांक आणि स्वाक्षरी ह्यांपैकी एकही गोष्ट ह्या तिन्ही कसोट्यांत बसत नाही, हे जिज्ञासूंच्या लक्षात येईल. त्या गोष्टी निषिद्ध नाहीत. त्या फक्त प्रमाण नाहीत.

पुण्यात १९४० मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी ह्यांनी हातकागदाची संस्था उभी केली, तेव्हा कागद हा ग्रामोद्योगाचा विषय झाला. बांधणीला तेवढे भाग्य लाभले नाही. आजही गावोगावी पुठ्ठा कापणारा, खळ करणारा, विद्यार्थ्यांचे प्रबंध मुदतीच्या आदल्या रात्री बांधून देणारा एखादा बाइंडर असतो. आपल्या पदवीवर त्याच्याही श्रमाचा अधिकार आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना माझी एवढीच सूचना आहे की, पुढील खेपेस ग्रंथालयातील पुस्तक हाती घेतल्यावर प्रथम त्याची पाठ पाहावी, ते टेबलावर उघडे ठेवून पाहावे, शिवण कोठून गेली आहे ते शोधावे आणि आपल्या टिपणात ग्रंथवर्णनाच्या शेजारी त्याची एका ओळीत नोंद करावी. आणि विभागातील ज्यांच्याकडे पुनर्बांधणीचे दर ठरविण्याचे काम येते त्यांनी, दर ठरविण्यापूर्वी, त्या बाइंडरला बोलावून एकदा विचारावे की, वेष्टने न काढता, घडीच्या मध्यातून शिवावयाचे झाले तर त्याला किती वेळ लागेल.